तीन डब्यांचा फेर

पोशीर,
१२ मे १९८३

दादा,

नमस्कार पुढच्या पत्रात करीन. या पत्रात भांडण आहे, ते आधी उरकून घेते.

तुझं खोकं पोचलं. मकसूदभाई काल नेरळहून स्वतः घेऊन आला. ओसरीवर ठेवलं आणि आईला म्हणाला, "चाची, गजानं मस्कतवरनं दिलंय. विमानात मांडीवर घेऊन बसलो होतो, पोराला घेतात तसं." आईनं खोक्याला हात लावून बोटं कपाळाला लावली. तूच आत बसून आलास की काय असं तिला वाटलं असणार. आबा झोपाळ्यावर होते. ते उठले आणि मागच्या दारानं गोठ्यात गेले. मकसूदभाई चहा पिऊन गेला तरी बाहेर आले नाहीत.

तू गेलास त्याला चार वर्षं होतील. "गेलास तर मेलास मला" असं ते त्या दिवशी म्हणाले, ते तू ऐकलंस. त्यानंतरचं तू ऐकलेलं नाहीस. तुझं नाव या घरात कोणी घेत नाही. घ्यायचंच झालं तर "तिकडचा" म्हणतात. पाटी अजून पडवीत जमिनीवर पालथी टाकून ठेवलीय, 'येसाजी आणि चिरंजीव, जमीन मोजणी' लिहिलेली. आई तिच्यावर वाल वाळत घालते.

आज सकाळी मात्र मला विचारलं, "काय हाय त्यात?" मी म्हटलं, मोजणीचा हिशेब करायचं यंत्र. शेतावर घेतलेले आकडे घातले की बांधाबांधातलं क्षेत्र आपोआप काढून देतं. आबांनी चष्मा पुसला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तरी सरकारी नोकरीत होते तेव्हासारखेच कोष्टकाचं पुस्तक नाकाला लावून रात्री आकडेमोड करत बसतात. "उघड बगू," म्हणाले. तेवढंच. 'कोणी पाठवलं' हे विचारलं नाही.

तुझा सूचनांचा कागद मी वाचला. बारावीचं गणित असं कामाला येईल हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी जरा मन लावून केलं असतं. यंत्र म्हणजे तीन डबे: कॅल्क्युलेटरमधून वायर कॅसेटच्या डब्यात, कॅसेटमधून प्रिंटरमध्ये, आणि प्रिंटरमधून परत कॅल्क्युलेटरमध्ये. कॅल्क्युलेटर जे बोलतो ते एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं परत कॅल्क्युलेटरला. आपलं बोलणं जसंच्या तसं फिरून आलं की तो पुढं जातो. नाही आलं की अडून बसतो. तू लाल शाईनं लिहिलंयस: 'तिन्ही चालू हवेत. एक बंद तर सगळं बंद.' आबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, कुणीतरी प्रथमच शहाणपणाचं बोललं अशी.

आता भांडण. मी तुला लिहिलं होतं की आबांचे डोळे गेले, ये. तू यंत्र पाठवलंस. मी माणूस मागितला होता रे.

मैना


पोशीर,
२० सप्टेंबर १९८३

दादा,

नमस्कार.

यंत्र चालतं. फार छान चालतं. आबांनी त्याला माजघरातलं खिडकीजवळचं टेबल दिलंय, जिथं पूर्वी कुणाला पाय ठेवू देत नसत. कर्जत-खालापूरकडे मुंबईच्या लोकांनी जमिनी घ्यायचा सपाटा लावलाय. फार्महाउस म्हणतात. रोज कोणीतरी नकाशा काखोटीला मारून येतो. आबा आणि गडी जैतू मोजणीची साखळी घेऊन जातात, आकडे आणतात, आणि मी बसते. प्रिंटरमधून पट्टी निघाली की पार्टीचे डोळे असे मोठे होतात. आबा मिशीत हसतात.

पण एक झालं, त्याची कटकट मला आयुष्यभर पुरणार आहे. आषाढात खालापूरची पार्टी ओसरीवर बसलेली. आई केर काढायला आली. तिला वाटलं, मधल्या डब्यात कॅसेट फिरत नाही म्हणजे तो उगाच जळतोय. तिनं त्याचं बटण बंद केलं. झालं, सगळं अडलं. मला कळेना काय झालं, आबांना कळेना, पार्टी घड्याळ बघतेय. शेवटी आईच म्हणाली, "म्या त्या रिकामटेकड्याला निजवला." आबा असे काही ओरडले! "यंत्राला हात लावायचा नाय! मैनेबिगर कोनी हात लावायचा नाय!" आई पदर तोंडाला लावून चुलीपाशी गेली. मला तेव्हा बरं वाटलं, दादा. खरं सांगते. या घरात माझ्याशिवाय अडतं असं पहिल्यांदा कोणी म्हटलं.

आता बरं वाटत नाही.

गौरी झाल्या. पलीकडच्या अंगणात फेर धरला होता. तुला आठवतं ना, आईचा फेर म्हणजे गावात कसा. मी दोन गाणीच नाचले असेन, आबा कुंपणापाशी उभे. "मैने, पार्टी आलीया." गौरीच्या दिवशी! आईनं मान वळवून बघितलं. गाणं न तोडता तिनं माझा हात सोडवला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला जिजा होती, तिचा हात धरला. जिजा म्हणजे शेजारच्या गोमाची सून, नवीन आलीय, दहावी झालेली. फेर पुढं गेला. मी आत जाऊन आकडे घातले.

प्रिंटरचे कागद संपत आलेत. इथं मिळत नाहीत, मुंबईतही नाहीत. आबा म्हणाले, "तिकडं कळव." कळवलं.

मैना


पोशीर,
२९ जानेवारी १९८४

दादा,

कागद पोचले. बरोबर सेंटची बाटली होती ती आईला दिली. ती लावत नाही, उघडून नुसता वास घेते आणि परत ट्रंकेत ठेवते.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, कर्जतजवळच्या कोंडाण्याहून स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत आहे. मला काही तो फार आवडला असं नाही, कान फार हलवतो बोलताना. पण आबांनी ते लोक अर्ध्या चहावर उठवले. "औंदा जमणार नाय. तिच्याबिगर काम अडतं." मुलाच्या काकानं विचारलं, कसलं काम? आबांनी त्याला टेबलापाशी नेऊन सगळं दाखवलं. ही वायर इथून इथं, एक बंद तर सगळं बंद. "आनि ही माजी लेक चौथा डबा," म्हणाले, अगदी कौतुकानं. सगळे हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुसरी गोष्ट खरी. रेगेबाई म्हणून आहेत, पुण्याच्या. नकाशांचं स्वतःचं ऑफिस आहे. खालापूरला त्यांच्या भावाच्या जमिनीची मोजणी होती म्हणून आल्या होत्या. माझं काम उभं राहून बघितलं. पट्टीवर एक कोपरा जुळत नव्हता, तो मी आबांना परत मोजायला लावला, ते त्यांनी बघितलं. जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे असंच यंत्र आहे, त्याला नकाशा काढणारं पेन जोडलंय. ते चालवायला माणूस मिळत नाही. येशील?" राहायला नोकरदार बायकांचं वसतिगृह आहे. दसऱ्यापर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या.

दादा, नकाशा काढणारं पेन! आपणच हिशेब करायचा आणि आपल्याच डोळ्यांसमोर बांध उमटताना बघायचा! मी इथं कोणाकोणाच्या जमिनी कागदावर मोजते आणि स्वतः या टेबलापासून चुलीपर्यंत. सव्विसावं लागलं मला. मला जायचंय. हे मी कधी कुठं लिहिलं नव्हतं, आता लिहिलं.

आबांना विचारलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. तुझा तो लाल शाईचा कागद त्यांनी भिंतीवर चिकटवलाय, त्याच्याकडे बोट केलं. "तुज्या भावानंच लिवलंय." चार वर्षांत पहिल्यांदा तुला भाऊ म्हणाले, आणि ते मला बांधायला.

तू त्यांना लिही. मी नाही, तू. यंत्र दुसरं कोणीही चालवू शकतं एवढंच लिही.

मैना


पोशीर,
२ जून १९८४

दादा,

तुझं पार्सल आलं. मी पत्राची वाट बघत होते, तू कागदाची भेंडोळी आणि नवीन कॅसेट पाठवलीस. वर चिठ्ठी: 'आबांशी मी काय बोलणार? तूच समजाव. तुझं ऐकतात.'

वा रे वा. माझं ऐकतात!

तू गेलास तेव्हा तुझी जागा रिकामी राहिली आणि मी त्या जागेवर बसले. मला कोणी बसवलं नाही, कोणी विचारलंही नाही. आईला तुला काही सांगायचं असतं, ती मला सांगते. आबांना कळवायचं असतं, "तिकडं कळव." तुला विचारायचं असतं, 'आबांचे डोळे कसे आहेत, बघून लिही.' सगळं माझ्यातून जातं. माझं स्वतःचं काही बोलायचं म्हटलं की सगळे गप्प. प्रिंटरला तरी कागद लागतो म्हणून लोक त्याच्याकडे बघतात.

जिजाला शिकवते म्हटलं. हुशार आहे, हात हलका आहे. आबा म्हणाले, "दुसऱ्याची सून. उद्या तिच्या घरी काम निघालं की आपलं अडलं." जैतूला म्हटलं तर तो कानाला हात लावून साखळी घेऊन पळाला. "बाय, त्यो डबा मला चावल," म्हणतो.

सकाळपासून या खुर्चीत आहे. खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो. पूर्वी मला तो आवडायचा. आता कोणीतरी दार लावून घेतल्यासारखा दिसतो. आज भिवपुरीकडची पार्टी होती, एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही इथंच असता का कायम?" मी हो म्हटलं, आणि मग तिच्याच पट्टीचे आकडे दोनदा चुकले.

मला तुझा राग आहे. तू पळालास याचा नाही. पळालास ते बरं केलंस, मीही पळाले असते. राग याचा आहे की तू धड गेलाही नाहीस. चार-सहा महिन्यांनी खोकं येतं, आई त्याला हात लावते, आबा गोठ्यात जातात, आणि घर परत तिथंच. आईनं बटण बंद केलेल्या त्या मधल्या डब्यासारखा आहेस तू. वायरीत आहेस पण बंद आहेस. म्हणून आमच्या सगळ्यांचं अडलंय.

कागद पाठवू नकोस आता. आहेत.

मैना


पोशीर,
६ सप्टेंबर १९८४

दादा,

बस. पाणी पी. मग वाच.

गौरी परवा गेल्या. या वर्षी गौर आपल्याकडे होती. आईला माजघरात गौर मांडायला जागा हवी होती आणि सगळी जागा यंत्राच्या टेबलानं खाल्लेली. आबा मोजणीला गेले होते, मी विहिरीवर. आईनं काय करावं? तिनं मधला कॅसेटचा डबा उचलला, दोन्ही वायरी उपसल्या आणि डबा धान्याच्या कणगीवर नेऊन ठेवला. टेबल अर्धं मोकळं झालं. तिथं गौरीचा पाट.

आता वायरींची दोन टोकं लोंबत राहिली. गौरीच्या शेजारी असं लोंबतं काही तिला बघवेना. तिनं एक टोक दुसऱ्यात घातलं. बसलं. तिनं वर हळदीकुंकवाचं बोट पण टेकवलं.

मी आले तर आबा पार्टीला घेऊन पोचलेले. मला डबा कणगीवर दिसला. आता आईची काही धडगत नाही, असं वाटलं. आबा म्हणाले, "घाल आकडे, खोळंबलेत." मी भीतीनं बटणं दाबली, अडेल तेव्हा बघू म्हणून.

अडलं नाही दादा. प्रिंटरमधून पट्टी सरसर निघाली. क्षेत्र बरोबर, बेरीज बरोबर. हिशेबाची रीत कॅल्क्युलेटरच्या पोटात आधीच भरलेली होती, कॅसेट नुसती मधे बसलेली असायची. ती बंद असली की अडवायची. काढून नेली आणि टोकं जोडली, तर कुणाला पत्ताही नाही.

पार्टी गेल्यावर आबांना कणगीवरचा डबा दिसला. त्यांनी भिंतीवरचा कागद बघितला, परत डबा बघितला. "आगं, ह्यो हितं... मंग चाललं कसं?"

आई गौरीला फुलं वाहत होती. मागं न वळता म्हणाली, "चालंल नाय तर काय. फेरात येकीचे पाय दुकले, ती भाईर गेली, तर आमी काय फेर मोडतो? दोगी शेजारणी हात धरतात. हात लोंबत ठेवायचं नाय, बस्स."

आबा खाली बसले. मला वाटलं ओरडतील. मी पदर खोचून तयार होते, सगळं तोंडावर आलं होतं. म्हटलं, "आबा, बघितलंत ना? डबा काढला तरी चालतं. मी गेले तरी चालेल. जिजा करील."

ते बराच वेळ वायरीचा जोड बोटांनी चाचपत होते, कुंकू लागलेला. मग म्हणाले, "यंत्र चालंल गं. मला काय कळत नाय व्हय? घर नाय चालत. येक गेला. आता तू गेलीस तर मी आनि तुजी आई येकमेकांच्या तोंडाकडं बगत बसायचं. येवडी मोठी पडवी, आनि त्या पाटीवर वाल."

दादा, आबांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं. मोतीबिंदूचं नव्हे. मी विरघळले. खरंच, त्या क्षणी वाटलं, राहू दे ते पुणं, राहू दे ते पेन. तोंडापर्यंत आलं, 'नाही जात मी.'

तेवढ्यात बाहेर फेर लागला. आई उठली, जाता जाता माझ्या दंडाला धरून आबांच्या समोरून मला बाजूला केलं, खाट सरकवतात तसं. आणि म्हणाली, "मंग ज्याला बोलवायचा त्याला बोलवा की. हिला काय धरून ठेवताव त्याच्या जागी?"

आबांनी चष्मा काढून पुसला. आईनं मात्र त्या दिवशी मला फेरात घेतलं आणि शेवटपर्यंत कुणालाही कुंपणापाशी येऊ दिलं नाही.

मैना


पोशीर,
३ ऑक्टोबर १९८४

दादा,

उद्या दसरा. परवा मी पुण्याला निघते. मकसूदभाई सुट्टीवर आलाय, तो आणि आई कर्जतपर्यंत सोडायला येणार आहेत. आबांनी जा म्हटलं नाही, अडवलंही नाही; पण ते येणार नाहीत. मोजणी आहे म्हणतात. नाहीये, मी जैतूला विचारलं.

जिजा यंत्राच्या टेबलापाशी बसायला लागली. पहिल्याच दिवशी आबांना म्हणाली, "मामा, आकडे जरा सावकाश सांगा, मी काय तुमचा जैतू नाय." आबा चपापले आणि सावकाश सांगायला लागले. मला कधी जमलं नव्हतं ते. कॅसेटचा डबा परत वायरीत घातलाय, आणि काढायचा कसा ते जिजाला दाखवलंय. तुझ्या लाल शाईच्या कागदाखाली मी पेन्सिलीनं लिहिलं, 'बंद ठेवू नये. एक तर चालू करावा, नाहीतर काढून टोकं जोडावीत.'

मला भीती वाटते. रेगेबाई चांगल्या आहेत, पण वसतिगृहात सगळ्या शहरातल्या असणार. मी 'नाय' म्हटलं की हसतील. आईनं मला तुझी सेंटची बाटली दिली, न वापरलेली. घेताना रडले, मग तिला म्हटलं, लावून बघ एकदा तरी. लावली. मग दिवसभर चुलीपाशी ती आणि आबा नाक वर करून फिरत होते.

आता तुझ्याविषयी. यापुढं माझी पत्रं माझी असतील. पुण्याची असतील, पेनची असतील, वसतिगृहाच्या आमटीची असतील. आबांचा निरोप तुला आणि तुझा आबांना, हे काम मी सोडलं. मी मधून निघाले की तुमची दोघांची टोकं लोंबत राहणार, हे मला माहीत आहे. काल आबांना हेच सांगितलं. म्हटलं, कागद संपले तर तिकडं कळवायला मी नाही. हा कागद अर्धा कोरा ठेवते. वाटलं तर लिहा, नाहीतर तसाच पाकिटात घाला. गम टेबलावर आहे.

ते म्हणाले, "मला दिसत नाय." मी म्हटलं, मोठं लिहा.

तुझी,
मैना




गजा,

प्रिंटरचा कागद संपत आला आहे.

घेऊन ये. पाठवू नको.

आबा